इंद्रवदन कोणापुढे कसा वागतो?

दूरदर्शनवर १९८४ साली 'ये जो है जिंदगी' सुरू झाली. रणजित वर्मा, त्याची बायको रेणू आणि रेणूचा बेकार भाऊ राजा ही तीन माणसं प्रत्येक भागात तीच असायची. घर तेच, नवरा-बायकोची कुरबूर तीच, राजाचे उद्योगही तेच. पण आठवड्यागणिक त्या घरात कुणीतरी नवा इसम येऊन थडकायचा आणि तो नवा इसम दर वेळी सतीश शाहच असायचे. कधी एका प्रांताचे, कधी दुसऱ्याचे; एकदा तिरसट, पुढच्या आठवड्यात लाळघोटे. पन्नासहून अधिक वेगवेगळी माणसं त्यांनी या एका मालिकेत उभी केली. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांनी मात्र एकेकच माणूस सांभाळला.

व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणाऱ्याला ही रचना पाहून हेवा वाटावा. तीन माणसं स्थिर ठेवायची, समोर येणारा माणूस दर आठवड्याला बदलायचा आणि त्या तिघांचं काय बदलतं, काय तसंच राहतं ते पाहत बसायचं. प्रयोगशाळेत असा प्रयोग करायचा तर वर्षानुवर्षं जातील. दूरदर्शनने तो करमणूक म्हणून देशभर दाखवला, आणि आपण तो हसत हसत पाहिला.

ही मालिका लिहिली शरद जोशींनी. आपल्याकडे हे नाव घेतलं की शेतकरी संघटना आठवते; हे शरद जोशी वेगळे, हिंदीतले व्यंग्यकार. जन्म १९३१ सालचा, उज्जैनचा. पदवी इंदूरच्या होळकर कॉलेजची. लिहिता हात तयार झाला तोही इंदुरातच, 'नई दुनिया'च्या पानांवर. १९४७ मध्ये इंदुरात निघालेलं हे दैनिक हिंदी असलं तरी त्याची जडणघडण करणाऱ्या संपादकांत राहुल बारपुते हे मराठी नाव अग्रभागी आहे. बारपुते, नाटकवाले बाबा डिके, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि देवासला राहणारे कुमार गंधर्व या चौघांच्या मैत्रीने माळव्याच्या सांस्कृतिक जीवनाला एक वळण दिलं. अशा इंदुरात शरद जोशी 'परिक्रमा' हे सदर लिहीत होते. पुढे मध्य प्रदेश सरकारच्या माहिती खात्यात नोकरी, ती सोडून पूर्णवेळ लेखन, मग मुंबई, सिनेमाचे संवाद आणि अखेर दूरदर्शन. मालिकेचं शीर्षकगीत गाणारे किशोरकुमारही इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी. मुंबईत चित्रित झालेल्या या मालिकेत आमचं इंदूर असं दोन बाजूंनी शिरलेलं आहे.

इंदूरचा हा उल्लेख केवळ अभिमानापोटी नाही. शरद जोशींचं सगळं लेखन एका प्रश्नाभोवती फिरतं: माणूस असा वागला तो त्याच्या स्वभावामुळे, की तो ज्या जागी उभा आहे त्या जागेमुळे? व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात गेली पन्नास-साठ वर्षं याच प्रश्नावर सर्वांत मोठं भांडण झालेलं आहे. म्हणून या प्रकरणात आपण विनोदी मालिकांमधली काही पात्रं घेऊन हे भांडण समजून घेऊ. खऱ्या माणसापेक्षा पात्र सोयीचं असतं, कारण त्याचं वागणं सगळ्यांनी सारखंच पाहिलेलं असतं.

सुरुवात स्वभावाच्या बाजूने करू. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश पहिल्या पानापासून चाळला आणि माणसांमधला फरक सांगणारे जवळजवळ १८ हजार शब्द बाजूला काढले. त्यांतले सुमारे साडेचार हजार त्यांना टिकाऊ स्वभाववैशिष्ट्यं सांगणारे वाटले. विचार साधा होता. माणसामाणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा ठरतो त्याला भाषेत शब्द पडतोच. आपणही भिडस्त, हेकट, खवचट, तापट, मनमिळाऊ असे शब्द उगाच जपून ठेवलेले नाहीत. पुढच्या संशोधकांनी हे शब्द माणसांना लावून पाहिले, कोणते शब्द जोडीने येतात ते गणिताने तपासलं आणि गाळत गाळत पाच मोठे गट उरले. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना हे पाच गट स्पष्ट दिसले. १९८५ मध्ये कोस्टा आणि मॅक्रे यांच्या चाचणीने ते जगभर नेले. नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. माणूस या पाचांपैकी एका खणात बसत नाही. प्रत्येक माणसाला पाचही मोजपट्ट्या लावायच्या आणि तो कुठे कमी, कुठे जास्त ते पाहायचं.

राजाला या पट्ट्या लावून पाहा. कर्तव्यदक्षता तळाला, बहिर्मुखता वर, मनमिळाऊपणाही बराच वर. म्हणून तर बहिणीच्या संसारात ठाण मांडूनही तो आपल्याला डाचत नाही. हे मूल्यमापन चूक नाही. मालिका पाहिलेली दहा माणसं स्वतंत्रपणे बसवली तर दहाही जण साधारण हेच आकडे देतील, आणि पाच घटकांच्या पद्धतीचं बळ याच एकमतात आहे.

राजाच्या बाबतीत आल्फ्रेड ॲडलरही हाताशी येतो. धाकटं भावंड लाडावलेलं, जबाबदारी टाळणारं, दुसऱ्याच्या आधाराने जगणारं, असं ॲडलरचं जन्मक्रमाविषयीचं म्हणणं. राजावर ते कापून शिवल्यासारखं बसतं, पण खऱ्या जगात ते टिकलेलं नाही. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हा जन्मक्रमाचा या पाच घटकांवर टिकाऊ परिणाम जवळपास आढळलाच नाही. 'शेंडेफळ आहे ना, म्हणून तसा' हे वाक्य आपल्या घरांतून फार सहज म्हटलं जातं. लेखकालाही ते सोयीचं असतं, कारण प्रेक्षकाच्या डोक्यात ते आधीच तयार असतं.

फ्रॉइडबद्दल फार बोलत नाही. 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधल्या इंद्रवदनला बेलगाम इच्छा ठरवायचं, त्याच्या बायकोला, मायाला, सतत टोचणारी सदसद्विवेकबुद्धी, आणि दोघांत चेपला गेलेला थोरला मुलगा साहिल म्हणजे तारेवरची कसरत करणारा अहं, हे मांडून दाखवायला पाच मिनिटं लागत नाहीत. अडचण अशी की कुठल्याही तीन माणसांच्या कुटुंबावर ते तसंच मांडता येतं. जे सगळ्यांवर बसतं त्यातून या कुटुंबाबद्दल नवं काही कळत नाही.

स्वभाव वाचण्याची आपली भूक किती मोठी आहे ते पाहायचं तर 'ये जो है जिंदगी'च्या एक वर्ष आधीचा, १९८३ चा 'जाने भी दो यारों' आठवा. दिग्दर्शक कुंदन शाह. मालिकेच्या दिग्दर्शकांतही ते होतेच. या सिनेमात सतीश शाह आयुक्त डिमेलो झाले आहेत आणि निम्म्याहून अधिक वेळ डिमेलो मेलेले आहेत. प्रेताला चाकांवरून पळवतात, त्याच्याशी बोलतात, महाभारताच्या नाटकात त्याला द्रौपदी करून उभं करतात. दारूच्या नशेतला बिल्डर त्या मुडद्याशी मैत्रीच्या गप्पा मारतो आणि तो उत्तर देत नाही म्हणून त्याला स्वभावाची कारणं चिकटवतो. आपणही हसता हसता त्या निश्चल चेहऱ्यात कधी तुसडेपणा, कधी बेफिकिरी पाहू लागतो. फ्रिट्झ हायडर आणि मारिॲन सिमेल यांनी १९४४ मध्ये हीच गोष्ट त्याहून कोरड्या रीतीने दाखवली होती. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पडद्यावर हलतात, एवढीच छोटी चित्रफीत. पाहणाऱ्यांना नुसतं 'काय दिसलं' ते सांगायचं होतं. जवळजवळ प्रत्येकाने मोठ्या त्रिकोणाला दांडगट ठरवलं आणि वर्तुळाला घाबरलेलं. त्रिकोणालाही आपण स्वभाव देतो. मग शेजाऱ्याला देताना किती पुरावा गोळा करत असू?

मिशेलचा घाव

१९६८ साली वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने एक पुस्तक लिहून या सगळ्या इमारतीच्या पायावरच घाव घातला. त्याने नवे प्रयोग केले नव्हते. झालेले प्रयोग नीट वाचले होते. त्यांतला एक जुना, १९२८ चा. हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा खोटं बोलण्याची, चोरीची, परीक्षेत नक्कल करण्याची संधी मुद्दाम देऊन तपासला होता. प्रामाणिकपणा हा जर मुलाच्या आत बसलेला पक्का गुण असता तर गणिताच्या पेपरात नक्कल न करणाऱ्या मुलाने खेळातल्या गुणांतही लबाडी केली नसती. तसं दिसलं नाही. एका ठिकाणच्या वागण्यावरून दुसऱ्या ठिकाणचं वागणं फार थोडं कळत होतं. मिशेलने असे अनेक अभ्यास एकत्र ठेवले आणि दाखवलं की चाचणीत मोजलेला गुण आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध बहुधा ०.३ च्या पुढे जात नाही. शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत नातं, ०.३ म्हणजे आपण माणसांबद्दल ज्या खात्रीने बोलतो तिच्या मानाने फार कमी.

गदारोळ झाला. व्यक्तिमत्त्व नावाची वस्तूच नाही, सगळा परिस्थितीचा खेळ, असं मिशेल म्हणतो आहे असा अनेकांचा समज झाला. सीमोर एपस्टाइनने १९७९ मध्ये उत्तर दिलं: एका प्रसंगावरून अंदाज चुकतो हे खरं, पण अनेक दिवसांच्या अनेक प्रसंगांची सरासरी घ्या, मग माणूस चांगलाच स्थिर दिसतो. मालिका पाहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. राजा कसा आहे हे पहिल्या भागात कळत नाही, दहाव्या भागात कळतं.

पुढे विल्यम फ्लीसनने ही सरासरी उलगडूनच दाखवली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्याने विद्यार्थ्यांना दिवसातून पाच वेळा, सुमारे दोन आठवडे, 'गेल्या तासाभरात तू किती बोलका होतास, किती शिस्तीत होतास' असं विचारलं. एकाच माणसाच्या नोंदींत अबोलपणापासून वाचाळपणापर्यंत सगळं सापडलं. अबोल माणूस दिवसातून कधीतरी बोलका असतोच, आणि बोलघेवडाही गप्प बसतोच. दोघांत फरक असतो तो कोणती अवस्था किती वेळा येते याचा. सतीश शाहांच्या पन्नास माणसांकडे या नजरेने पाहावंसं वाटतं. ती पन्नास माणसं एकाच देहात सावकाश मावली. अभिनेत्याचं कसब त्यात मोठं आहे. पण आपल्या प्रत्येकाच्या आत, त्याच्याहून कमी कसबाची का होईना, अशी चार-दोन डझन माणसं राहत असतात आणि समोर कोण आहे ते पाहून पुढे येतात.

मिशेलनेच नंतर एक महत्त्वाची भर घातली. त्याने सांगितलं की काही परिस्थिती 'कडक' असतात, काही 'सैल'. लाल सिग्नलला सगळेच थांबतात. तिथे कुणाचा स्वभाव कळत नाही. साहेबाच्या खोलीतही तसंच. 'ये जो है जिंदगी'मध्ये टिकू तलसानियांचा साहेब 'ये क्या हो रहा है' म्हणून फुटला की त्याच्यापुढे कुठलाही हाताखालचा माणूस चपापणारच. त्या खोलीवरून रणजितला भित्रा म्हणणं अन्यायाचं. घर ही सैल परिस्थिती आहे. तिथे काय करायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून तिथे माणूस दिसतो. विनोदी मालिका बहुतेक करून दिवाणखान्यात का घडतात याचं एक कारण निर्मितीचा खर्च आहेच, पण दुसरं कारण मला हेही वाटतं.

इथे 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण आठवतो. लग्नघरात इतका कर्तव्यदक्ष माणूस मराठी साहित्यात दुसरा नाही. पण आपण त्याला ओळखतो ते लग्नघरातच. कचेरीत तो कसा असेल, स्वतःच्या घरी कसा असेल, याबद्दल पाच घटकांची चाचणी त्या एका मांडवावरून काहीही सांगायला धजणार नाही. पु. लं.नी मात्र नारायणाचा स्वभाव सांगतानाच त्याची जागाही सांगितली, आणि दोन्ही एकमेकांपासून सुटे होऊ दिले नाहीत.

जर असं, तर तसं

आता इंद्रवदन साराभाई. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही मालिका स्टार वनवर २००४ मध्ये सुरू झाली. या खेपेला सतीश शाहांच्या वाट्याला पन्नास माणसं नव्हती, एकच होता. दक्षिण मुंबईतल्या कफ परेडला राहणारा, खोड्या काढणारा म्हातारा. दिग्दर्शक देवेन भोजानी, लेखक आतिश कपाडिया. पाच पट्ट्या लावल्या तर बहिर्मुखता उंच, कर्तव्यदक्षता खाली, आणि मनमिळाऊपणाचं काय? इथे गाडी अडते.

धाकटा मुलगा रोसेश आईला 'मॉम्मा' म्हणत कविता ऐकवायला उभा राहिला की इंद्रवदन त्याची चामडी सोलतो. मायाच्या उच्चभ्रू शिष्टाचाराला तर तो रोज सुरुंग लावतो. यावरून मनमिळाऊपणा शून्य म्हणावं, तर सून मोनिशा समोर येते. तिला मायाने नावापासून सुधारायला घेतलं आहे. मूळची मनीषा तिने मोनिशा करून टाकली. मोनिशाच्या बचतीच्या नाना क्लृप्त्या, तिचा गबाळा कारभार, मायाच्या टोमण्यांनी तिचं खट्टू होणं, हे सगळं पाहून इंद्रवदन तिच्या बाजूने उभा राहतो. मग जावई दुष्यंत यंत्रांची चिरफाड करायला येतो, प्रत्येक उपकरणाच्या पुर्ज्याचं वर्णन सुरू करतो, आणि हाच दांडगट इंद्रवदन जीव वाचवायला लपायला जागा शोधतो. कमी ऐकू येणारे मधुसूदन फुफा 'हैं?' म्हणाले की त्याचा संयम तिसऱ्या 'हैं'ला संपतो.

आता या सगळ्याची सरासरी काढा. मनमिळाऊपणात मध्यम. तो आकडा गणिताने बरोबर असेल, पण त्यात इंद्रवदन कुठेच उरलेला नाही.

नेमका हाच मुद्दा मिशेल आणि युइची शोदा यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात वेडिको नावाची उन्हाळी छावणी भरत असे. वागण्याच्या अडचणी असलेली मुलं तिथे काही आठवडे एकत्र राहत. संशोधकांनी ८४ मुलांवर बारकाईने नजर ठेवली, प्रत्येक मुलावर सरासरी १६७ तास. आक्रमकपणा एकूण किती, एवढंच त्यांनी मोजलं नाही. समवयस्काने चिडवलं तेव्हा किती, समवयस्क मैत्रीने जवळ आला तेव्हा किती, मोठ्याने ताकीद दिली तेव्हा, शिक्षा केली तेव्हा, कौतुक केलं तेव्हा किती, अशी प्रत्येक प्रसंगाची वेगळी नोंद त्यांनी ठेवली. एकूण आक्रमकपणा सारखाच असलेली दोन मुलं निघाली. पण एक मूल सवंगड्याने डिवचलं की उसळायचं आणि मोठ्यांपुढे शांत राहायचं, दुसरं मूल मोठ्यांनी बोललं की पेटायचं. आणि हा नमुना योगायोगाचा नव्हता. निम्म्या नोंदींत जो नमुना दिसला तो उरलेल्या निम्म्या नोंदींतही दिसला. १९९५ मध्ये त्यांनी यावर सिद्धान्त मांडला: माणसाची खूण त्याच्या सरासरीत नसते, 'जर असं घडलं, तर तो असं करतो' या त्याच्या खास नमुन्यात असते.

इंद्रवदनची अशी पत्रिका मांडली तर तो लख्ख दिसतो. जर समोरचा माणूस स्वतःला फार मोठं समजत असेल, तर टोचायचं. जर समोरच्याला कुणी लहान करत असेल, तर त्याची बाजू घ्यायची. जर समोरचा टोचणीने हलतच नसेल, जसा दुष्यंत, जसे फुफा, तर पळ काढायचा. रोसेशशी त्याचं वागणं आणि मोनिशाशी वागणं आता परस्परविरुद्ध वाटत नाही. दोन्हीकडे एकच नियम चालला आहे. आकड्यांच्या पट्टीवर जी विसंगती दिसत होती तीच त्याच्या स्वभावाची आखणी निघाली. स्वभाव नाकारायला निघाला आहे असं वाटणारा मिशेल असा फिरून स्वभावापाशीच आला, पण अधिक नेमका स्वभाव घेऊन आला.

घरोघरी हे करून पाहण्यासारखं आहे. 'काका फार रागीट' हे वाक्य थोडं मोडून बघावं. कोणावर रागावतात? हिशेब चुकला की, वेळ चुकली की, की त्यांचं मत कुणी विचारलं नाही की? तिन्ही काका रागीटच, पण तिघे तीन माणसं आहेत, आणि तिघांशी राहण्याच्या रीती तीन.

सगळी विनोदी पात्रं अशी बांधलेली नसतात, हेही सांगितलं पाहिजे. आन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९०० साली हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माणूस जिवंतपणा सोडून यंत्रासारखा वागू लागला की हसू येतं. परिस्थिती बदलली तरी जो बदलत नाही तो हास्यास्पद ठरतो. टिकू तलसानियांचं 'ये क्या हो रहा है' याच जातीचं. प्रसंग कोणताही असो, प्रतिसाद एकच. इथे मिशेलचं ०.३ सपशेल खोटं ठरतं. असल्या पात्राचा सहसंबंध जवळपास एक असतो, आणि असं माणूस जगात नसतं म्हणूनच ते पाहायला आपण बसतो. पण याचा एक तोटा मला गंभीर वाटतो. अशी पात्रं वर्षानुवर्षं पाहून आपली माणसं ओळखण्याची सवय तशीच घडते. सासू म्हणजे अशी, शेजारी म्हणजे असा, साहेब म्हणजे असा. एका प्रतिसादावरून माणूस संपवून टाकायचा, हे आपण पडद्यावरून शिकतो आणि घरात वापरतो. रोसेशसारखं पात्र हसवून जातं, पण त्याच्याकडून माणसाविषयी फारसं शिकायला मिळत नाही. इंद्रवदनकडून मिळतं. मोनिशाकडून तर त्याहून जास्त मिळतं, कारण तिची काटकसर सासूपुढे हट्टाची असते आणि नवऱ्यापुढे लाडाची.

म्हैसूर, शिकागो आणि लापतागंज

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचं, या सवयीला ली रॉसने १९७७ मध्ये मूलभूत चूक म्हटलं. तेव्हा समज असा होता की ही चूक मनुष्यजातीचीच आहे. मग जोन मिलरने शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना त्यांच्या ओळखीच्या माणसांच्या बऱ्या-वाईट कृत्यांची कारणं विचारली. १९८४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, म्हणजे 'ये जो है जिंदगी'च्याच वर्षी. त्यातला एक प्रसंग भारतातला. एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघालेला. मागे बसलेला माणूस पडून जखमी होतो. वकील त्याला इस्पितळात पोचवतो आणि डॉक्टरांकडे नीट चौकशी न करताच कोर्टाकडे जातो. अमेरिकेतली प्रौढ माणसं म्हणाली, बेजबाबदार आहे, स्वार्थी आहे. म्हैसूरची माणसं म्हणाली, कोर्टात अशिलाची तारीख होती, त्याचं तेही कर्तव्यच होतं. आणखी एक गोष्ट मिलरला दिसली. आठ वर्षांच्या मुलांत दोन्ही देशांत फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तसा तो वाढत गेला. म्हणजे स्वभावाकडे बोट दाखवायचं की परिस्थितीकडे, हे आपण मोठे होता होता शिकतो.

शरद जोशींच्या व्यंग्याचा कणा इथे आहे. त्यांच्या लेखनातला कारकून, पुढारी, अधिकारी हे क्वचितच मुळातून दुष्ट असतात. ते खुर्चीत बसलेले असतात, आणि खुर्ची त्यांच्याकडून काय काय करून घेते ते जोशी दाखवतात. 'जीप पर सवार इल्लियाँ'मध्ये पिकावरच्या अळ्या पाहायला निघालेले अधिकारी स्वतःच पीक खाणाऱ्या अळ्या होतात. १९९१ मध्ये जोशी गेले. त्यांच्या कथांवरून २००९ मध्ये सब टीव्हीवर 'लापतागंज' सुरू झाली. दिवसाढवळ्या हरवलेलं गाव, जिथे पाणी, वीज, रस्ता यांचा पत्ता लागत नाही. मराठी प्रेक्षकाला त्यातली मिश्री मौसी पाहून ओळख पटली असेल. शुभांगी गोखले, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधल्या श्यामला. टिपऱ्यांच्या घरातली, सगळ्यांचं वेळापत्रक डोक्यात ठेवणारी गृहिणी आणि लापतागंजमधली मौसी एकाच बाईने उभ्या केल्या आहेत हे क्षणभर खरं वाटत नाही.

लापतागंजचा नायक मुकुंदीलाल गुप्ता. सार्वजनिक बांधकाम खात्यातला प्रामाणिक नोकर. भूमिका रोहिताश्व गौड यांची. त्याच्यासमोर एक प्रसिद्ध चाचणी ठेवून पाहू. जुलियन रॉटरने १९६६ मध्ये २९ जोड्यांची प्रश्नावली केली. प्रत्येक जोडीत दोन विधानं, त्यांतलं जास्त पटेल ते निवडायचं. आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं मानणारा एका टोकाला, सूत्रं नशिबाच्या किंवा बलवान लोकांच्या हातात आहेत असं मानणारा दुसऱ्या टोकाला. पहिल्या टोकाची माणसं प्रयत्नशील आणि समाधानी, दुसऱ्या टोकाची हताश, असा निष्कर्ष पुष्कळ अभ्यासांतून निघाला आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून तो आजही वाटला जातो. या प्रश्नावलीत एक जोडी साधारण अशी आहे: सामान्य नागरिकाचा सरकारी निर्णयांवर प्रभाव पडू शकतो, की मूठभर सत्ताधारी जग चालवतात आणि लहान माणसाच्या हातात फारसं काही नसतं? मुकुंदी काय निवडेल? दुसरंच निवडेल, आणि त्याच्या गावात ते खरं आहे. तेवढ्यावरून चाचणी त्याला हताश माणसांच्या रांगेत नेऊन बसवेल.

ही चूक पॅट्रिशिया गुरिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की या प्रश्नावलीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. 'माझ्या कष्टांनी माझं काही होईल का' हा एक प्रश्न, आणि 'माझ्या समाजाची दुरवस्था आमच्या दोषाने आहे की व्यवस्थेच्या' हा दुसरा. दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे चालतात. व्यवस्थेला दोष देणारे विद्यार्थी निष्क्रिय नव्हते. नागरी हक्कांसाठी एकत्र येऊन काही करण्याकडे कल असलेले त्यांच्यातच जास्त होते. दोष कुठे आहे हे ज्याला नीट दिसतं तो हातपाय गाळून बसतोच असं नाही. मुकुंदीचं उत्तरपत्र असे दोन भाग करून तपासलं तर पहिल्या भागात, स्वतःची नोकरी, स्वतःचा प्रामाणिकपणा, बायको इंदुमतीला दिलेला शब्द याबद्दलच्या प्रश्नांत, तो सूत्रं आपल्या हाती मानणाऱ्यांत जाईल. दुसऱ्या भागात, नळाला पाणी का येत नाही या प्रश्नावर, तो खात्याचं नाव घेईल, टेबलाचं नाव घेईल, फाइल कुठे अडली आहे तेही सांगेल.